दोरीच्या अलीकडे थांबलेला दौलू

परवा हायस्कूलच्या मैदानावर एक प्रकार घडला आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागेना... कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही हायस्कुलात नवीन. आमचा इंग्रजी चौथीचा वर्ग म्हणजे इथलं शेंडेफळ, पण लाड मात्र कुणी करत नाही. क्रिकेट असलं की बॅट वरच्या वर्गांच्या हातात, आणि झुडपात गेलेला चेंडू शोधायला आम्ही. मल्लखांबाला तेल आम्ही चोळायचं, चढायचं त्यांनी. भाषणांच्या स्पर्धेत आमचा एक गडी उभा राहिला, 'अध्यक्ष महाराज' म्हणाला आणि तिथंच अडकला...

मला तर एका जागी बसणं जमतच नाही. वडगावच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथं बसवलं की माझ्या हातून काही ना काही फुटायचंच. अब्बा म्हणायचे, हसनच्या पायाला भिंगरी लागलीय, ह्याला शिकायलाच धाडा. आणि इथं आलो, तर वर्षभर मैदानाच्या कडेला बसून पायाला मुंग्या!

पण ड्रिलमास्तरांनी शब्द दिला होता. वार्षिक खेळांत चौथीनं एक तरी शर्यत मारली, तर शनिवारची संध्याकाळ मैदान आमचं. अख्खं मैदान... मी तर त्या दिवसापासून शनिवारच मोजायला लागलो.

आमची सगळी भिस्त दौलूवर. दौलू कोडोलीच्या पलीकडच्या एका वाडीचा, शेतकऱ्याचा पोरगा. महाराज सरकारांनी जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली म्हणून तो एका बोर्डिंगात, मी दुसऱ्यात. नाहीतर आमची गाठ पडायचं कारणच नव्हतं. बोलायला मुखदुर्बळ, पण पळायला लागला की मागून फक्त धुरळा दिसायचा.

परवा शर्यत सुरू झाली. दौलू पहिल्यापासून पुढं. बराच मागं मॅट्रिकच्या वर्गातले आबासाहेब, म्हणजे दौलूच्याच गावच्या इनामदारांचे चिरंजीव. आमचा वर्ग ओरडून ओरडून बेभान झाला होता. मी तर कडेकडेनं त्याच्याबरोबर पळतच होतो.

शेवटाला मास्तरांनी दोन पोरांच्या हातात पांढरी दोरी आडवी धरायला दिली होती. दौलू तिच्यापाशी आला... आणि थांबला.

लागलं नाही, ठेचकाळला नाही. नुसता बाजूला सरून, मान खाली घालून उभा राहिला. मागून आबासाहेब आले, छातीनं दोरी तोडून पुढं गेले. त्यांना ह्यात काही वावगंही वाटलं नाही, मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

मी टोपी काढून आपटली. मास्तरांकडं धावलो, हात जोडले, वाद घातला. ते म्हणाले, दोरी तोडली तो पहिला, नियम म्हणजे नियम. मग दौलूला गाठलं. त्याचा गळा धरायचाच काय तो बाकी होता.

तो हळूच म्हणाला, "दोरी आडवी हुती की रं. कर तोडायचा पयला मान त्येंच्या घरचा हाय. माझं पायच थांबलं."

आणि मला बेंदूर आठवला, आमच्याकडचा बैलांचा सण. गावच्या वेशीत दोर आडवा बांधतात, तोच कर. बैल पळवत आणून तो तोडायचा. पण पहिला मान ठरलेला... मानाचा बैल येईपर्यंत बाकीच्यांनी आपापले बैल आवरून धरायचे. दौलू कळायला लागल्यापासून बापाशेजारी कासरा ओढून तसाच उभा राहिलेला. सरावाला आम्ही लिंबाच्या झाडाला शिवून परत फिरायचो, दोरी त्यानं परवाच पहिल्यांदा पाहिली.

रागवायचं तरी कुणावर? मला रात्रभर झोप नाही. इकडून तिकडं कूस बदलत राहिलो, बोर्डिंगातली पोरं वैतागली.

काल रविवार. कपडे धुवायला वर्गातली बरीच पोरं रंकाळ्यावर जमली होती. मी वाळत घालायची दोरी घेतली आणि दोघांना काठावर आडवी धरायला लावली. आधी मीच पळत जाऊन तिला छाती दिली. आमच्या घरी ना बैल, ना कसला मान! मग एकेक करत सगळी पोरं सुटली. दौलू लांब बसून शर्ट पिळत होता. पिळून झालेलाच पुन्हा पिळत होता.

शेवटी उठला. पळत आला, थांबला. परत गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला. कुणी हसलं नाही, मीसुद्धा जीभ आवरून धरली.

मग आला तो डोळे मिटूनच. दोरी पोरांच्या हातातून हिसकली गेली आणि हा तसाच पुढं, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. छातीवर दोरी तशीच लटकलेली. त्यानं आधी आमच्याकडं बघितलं, मग स्वतःकडं.

"काय बी झालं न्हाय की रं..."

यंदाचे शनिवार गेले, ते काही परत मिळत नाहीत. पण दौलूचा तो चेहरा बघायला मी तिथं होतो, ह्याबद्दल देवाचे आभार. पुढच्या वर्षीच्या शर्यतींना अजून केवढा अवकाश आहे... तोवर मी दम कसा धरू, तेवढं कुणीतरी सांगा.