नऊवारी शोधताना निघालेली बाई

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी फर्मान काढलं: सगळ्यांनी नऊवारीत यायचं, आणि शिवलेली चालणार नाही, नेसलेली पाहिजे. या बाई पुण्याहून इंदूरला आल्या त्याला जेमतेम दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून आम्हा इथल्या मराठी बायकांना सुधारायचा विडाच त्यांनी उचललाय. आमची हिंदी मिसळलेली मराठी ऐकली की त्यांच्या कपाळाला आठ्या. मी पण तडकले आणि बोलून बसले, "आमच्याकडे त्यात नवीन काय? आमच्या सासूबाई प्रत्येक सणाला नेसायच्या!"

ते खरंच होतं. पण सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्या होत्या तोवर मी कधी शिकून घेतलं नाही. त्याच मला नेसवायच्या, मी नुसती हात वर करून उभी राहायची. आता विचारणार कुणाला? मंडळात विचारलं असतं तर माझं हसं झालं असतं. म्हणून एका दुपारी बाबा, म्हणजे माझे सासरे, बाहेरच्या खोलीत आडवे झाल्यावर मी आमच्या खोलीचं दार लावलं, सासूबाईंची जांभळी नऊवारी काढली, मोबाईल आरशाला टेकवून उभा केला आणि शोधलं.

ढीगभर व्हिडिओ आले. त्यातल्या एकावर काठापदराची नऊवारी नेसलेली, नाकात नथ, केसांत गजरा अशी बाई होती. म्हटलं, ही आपल्यातली दिसते. लावला. बाई हसली आणि तिनं कासोटा सोडला. मला वाटलं हीच पद्धत असेल, आधी सोडून दाखवतात आणि मग सावकाश नेसवतात. म्हणून मी अगदी लक्ष देऊन बघत होते, हातात निऱ्या धरून. बाई सोडतच गेली. नेसायचं काही नावच घेईना. मग मागून एक माणूस आला, आणि तरीही मला वाटलं, हा निऱ्या धरायला आला असेल.

तो निऱ्या धरायला आलेला नव्हता. पुढचं मी लिहिणार नाही. मी लगेच बंद केलं असं म्हणायला मला आवडेल, पण खोटं कशाला बोलू? आधी काय चाललंय तेच कळेना, आणि कळलं तेव्हा बोट कुठे दाबायचं ते सुचेना. आवाज बंद करायला गेले तर तो वाढला. शेवटी मोबाईल उशीखाली कोंबला आणि त्या उशीवर बसले. एकटीच्या खोलीत घामाघूम झाले होते. माझी काय चूक झाली, हेच समजत नव्हतं. मी साडी शोधली होती हो, सच्ची!

त्यानंतर दोन दिवस मोबाईल उघडला की तसल्याच बाया रांगेनं उभ्या असायच्या. एक मी पाहिली, त्या पन्नास घेऊन आल्या. मी त्यांना अंगठ्यानं वर ढकलायची, की खालून नव्या यायच्या. हे पुसायचं कसं, ते ठाऊक नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचे हे ऑफिसातून आले, बाबांच्या टॅबवर कुठलंसं कीर्तन लावून द्यायला बसले, आणि थोड्या वेळानं टॅब पाठीमागे लपवून स्वयंपाकघरात आले. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाले, "बाबांच्या टॅबवर काय काय निघतंय, तुला कल्पना नाही. या वयात! आई जाऊन दोन वर्षं नाही झाली अजून."

मी कणीक मळत होते. मला आधी काहीच उलगडेना. मी आतल्या खोलीत पाहिलेलं बाबांच्या टॅबवर कसं गेलं? मग डोक्यात प्रकाश पडला. घरातला टीव्ही, माझा मोबाईल, बाबांचा टॅब, सगळं यांनीच एका खात्यावर जोडून ठेवलं होतं. "एक पासवर्ड, झंझट खतम," असं वर मिरवलंही होतं. आणि ज्यानं जोडलं त्याच्याच ध्यानात ते येऊ नये! पण मी तरी कुठे बोलले? मी म्हटलं, "असेल काहीतरी, जाऊ द्या." तोंडातून एवढंच निघालं. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

यांनी टॅब कपाटात ठेवला. बाबांना सांगितलं, बिघडलाय, दुरुस्तीला द्यायचाय. बाबा गणिताचे मास्तर होते, छत्रीबागेतल्या जुन्या घरात पन्नास-पन्नास मुलं शिकवलेला माणूस. त्यांना न कळायला काय झालं? टॅब कपाटात दिसत होता. त्यातून हे बाबांशी बोलेनासे झाले. म्हणजे चहा घेतला का, औषध घेतलं का, एवढंच विचारायचे, तेही दुसरीकडे बघत. पूर्वी संध्याकाळी दोघं सराफा बाजारापर्यंत चक्कर मारून यायचे, तेही बंद पडलं. बाबा बिचारे चपला घालून दाराशी बसायचे आणि थोड्या वेळानं काढून ठेवायचे.

शनिवारी दुपारी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत येईनात, उंबऱ्याबाहेरच उभे.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझ्या हातून त्या टॅबवर काहीतरी भलतंच दाबलं गेलं असेल. त्यात काय होतं मला माहीत नाही, पण त्याच्या तोंडावरून कळतंय. तुमच्या नजरेला पडलं असेल तर मनात धरू नका."

ऐंशी वर्षांचा माणूस न केलेल्या गोष्टीची माझ्याकडे माफी मागत होता, आणि केलेली मी, हातात झारा घेऊन उभी! मी गॅस बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. अध्यक्षबाई, नऊवारी, आरसा, निऱ्या, तो माणूससुद्धा. सांगताना मला रडू येत होतं, आणि माझा मलाच संतापही येत होता.

बाबा म्हणाले, "त्याला सांगू नका. माझ्या वयाच्या माणसाचं चार दिवसांत विसरतात. तुमचं विसरणार नाहीत."

"अरे वा!" मी म्हटलं. "आणि तोवर तुम्ही एकटे दाराशी बसून राहायचं?" त्यांनी होकाराची मान हलवली आणि ते गेले. मला रात्रभर कळेना की त्यांचं ऐकणं म्हणजे मान राखणं, की तो आणखी एक पळपुटेपणा.

रविवारी सकाळी पोहे-जलेबी आली. तिघं बसलो. बाबा आपल्या पोह्यांवर शेव घालत होते, हे पेपरात डोकं खुपसून. मी म्हटलं, "अहो, पेपर ठेवा. टॅबवर जे निघालं ते माझ्यामुळे. मी नऊवारीचा व्हिडिओ शोधत होते, भलताच लागला. खातं एकच आहे, म्हणून बाबांकडे दिसलं. बाबांनी काही केलेलं नाही."

यांच्या हातातला चमचा थांबला. बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले. मला वाटलं, आता बाबांना सॉरी म्हणतील. तर हे मलाच विचारतात, अगदी हळू आवाजात, "पण तू खरंच साडीच शोधत होतीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबांनी शेवेची वाटी खाली ठेवली.

"हिला निदान विचारलंस," ते म्हणाले. "मला विचारलंसुद्धा नाहीस."