बरणीतला शर्ट

वैजूताईचं नाक आमच्या शाळेत प्रसिद्ध होतं. वैजयंती देशकर, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. माहेर नागपूरचं, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य भोपाळात गेलेलं. प्रॅक्टिकलला मुलांच्या हातात अज्ञात क्षार पडला, की त्यावर आम्ल टाकून कोणता वायू निघतो ते ओळखायचं असतं. मुलं पुस्तकं चाळत बसायची आणि ही दारातूनच ओरडायची, "अरे, सल्फाइड आहे! लेड ॲसिटेटचा कागद धर, काळा होईल." कागद काळा व्हायचाच. स्टाफरूममध्ये कोणाच्या डब्यात काय आहे हेही तिला झाकण उघडायच्या आत कळायचं, आणि ती ते सगळ्यांसमोर जाहीर करायची. मला याचा भयंकर राग यायचा. मी गणित शिकवते, आणि माझ्या डब्यात बहुतेक वेळा कालचीच भाजी असते.

शिस्त मात्र कडक. परीक्षानळीला नाक लावलेलं तिला खपायचं नाही. "या शहरात तरी वायूशी मस्ती नको," म्हणायची, आणि हाताने वास हळूच नाकाकडे ओढून घ्यायला शिकवायची. दुसरं वाक्यही ठरलेलं होतं: "क्षार चिमूटभरच घ्या. संपला तर पुन्हा मिळणार नाही."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा-बायको एकदमच आजारी पडले. तिचे यजमान रवीभाऊ गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. ते दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. ताई घरी अंथरुणावर होती, तिला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. ती उठून बसली तेव्हा खुंटीवर त्यांचा कामावरचा न धुतलेला शर्ट होता. तिने तो तोंडाशी धरला. मशीनचं तेल, घाम, ते सारखी चघळायचे ती लवंग, कशाचाच वास आला नाही. आजाराने तिचं नाक नेलं होतं.

दुसरी बाई असती तर शर्ट कपाटात ठेवून रडली असती. हिने शाळेतून मोडीत निघालेली रुंद तोंडाची काचेची बरणी आणली, शर्ट आत घातला, कडेला व्हॅसलीन फासलं आणि झाकण घट्ट बसवलं. आपलं नाक परत येईल तेव्हा त्यांचा वास आत असला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. कोलार रोडवर आमची दारं समोरासमोर, म्हणून मला हे ठाऊक.

पण ही धीर धरेल तर शपथ! दर रविवारी बरणी उघडायची, डोकं आत घालायची आणि पुन्हा व्हॅसलीन फासायची. एकदा मी चिडलेच.

"अगं, नाक आलं का ते बघायचं तर हिंग हुंग ना! बरणी काय उघडत बसतेस?"

"हिंगासाठी नाक नकोय मला, मंजू."



वर्षं गेली. आता वर्गात तीच मुलांना विचारायची, "कसला वास येतोय, सांगा बरं." गेल्या डिसेंबरात ती फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. मागे एका मुलीने क्षारावर आम्ल टाकलं आणि ताई गर्रकन वळली.

"स्नेहा, सल्फाइड! तुझं सल्फाइड आहे!"

"मॅडम, आपको स्मेल आया?" स्नेहाने विचारलं, तर मॅडम रडायलाच लागल्या. मग ताई तशीच धावत माझ्या वर्गात शिरली. "मंजू, आला गं! सडक्या अंड्यांचा आला!"

मी तिला स्कूटरवर बसवून घरी निघाले. वाटेत ती मागून वास मोजून दाखवत होती, डिझेल, जिलेबी, उघडं गटार. गटाराचा वास आला म्हणून तिने मला मागून मिठी मारली. इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि बरणी उघडली. बराच वेळ डोकं आत होतं. मग ती स्वयंपाकघरात गेली, हिंगाचा डबा उघडून हुंगला आणि तोंड वाकडं करत मागे सरली. म्हणजे नाक शाबूत होतं. परत येऊन तिने पुन्हा बरणीत डोकं घातलं. शेवटी बरणी माझ्याकडे सरकवली.

"तू बघ."

मला व्हॅसलीनचा वास आला, आणि जुन्या कापडाचा. येतोय गं, असं म्हणावं असं फार वाटलं. पण प्रॅक्टिकलला उत्तर विचारताना मुलांकडे बघायची तशी ती माझ्याकडे बघत होती. "नाही, ताई," मी म्हटलं.

ती खाली बसली. शर्ट तोंडावर दाबून ओक्साबोक्शी रडली. "मीच संपवला गं. होता आत. दर रविवारी माझ्या नाकासमोरून जात होता आणि मला कळत नव्हतं."

मी तिच्याजवळ बसून राहिले. आत हिंगाचा डबा उघडाच राहिला होता. त्याचा वास घरभर सुटला, आणि तिला तो येत होता.