सायबाचा कासोटा आणि मावशीचं लुगडं

माझं पहिलं स्टेज म्हणजे वसईला आमच्या घरामागची कपडे वाळत घालायची जागा. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. मावशीचं लाल चौकड्यांचं लुगडं दोरीवरून ओढलं, हाफ पँटवरच गुंडाळलं, कमरेला सुतळी बांधली आणि कोळणीशी भांडायला लागलो. कोळीण कुठली, समोर आमची मांजर होती.

"हे बोंबील गो? हे तर माझ्या नवऱ्यापेक्षा सुकलेत!"

वाक्य मावशीचं, नाकातला आवाजही मावशीचा. आणि मावशी माझ्या मागेच उभी. आई विहिरीपाशी हसून हसून खाली बसलेली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. मावशीने सुतळी सोडून फेकून दिली.

"माझी नक्कल करायची तर नीट नेसून कर. असा लोंबता कासोटा घेऊन मी बाजारात गेले असते तर कोळणींनी मलाच पाटीत घातलं असतं."

आणि तिथेच तिने मला लुगडं नेसायला शिकवलं. निऱ्या कशा घालायच्या, कासोटा मागे कसा घट्ट खोचायचा, सगळं. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. दोघी एकाच गावात दिलेल्या, घरंही शेजारी, त्यामुळे भांडायला कुठे लांब जावं लागत नसे. पुढे चर्चच्या सणाला जो कार्यक्रम व्हायचा, त्यात दरवर्षी मी मावशी व्हायचो आणि मला नेसवायला खरी मावशी विंगेत उभी असायची. शाळेत पोरं बायल्या म्हणून चिडवायची. मी त्यांना त्यांच्याच आयांच्या आवाजात जेवायला हाक मारायचो. गप्प बसायची बिचारी.

मी नोकरीसाठी कतारला, दोह्याला आलो त्याच्या आदल्या वर्षी मावशी गेली. घर अगदी सुन्न झालं होतं. आईला हसवावं म्हणून एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी म्हणालो, "काय गो, कालवणात मीठ विसरलीस का?" मावशी रोज हेच म्हणायची. आईच्या हातातला डाव खाली पडला. वळली नाही. एवढंच म्हणाली, "परत तिचा आवाज काढू नको."

मग नाही काढला. फादरचा काढायचो, शेजाऱ्यांचा काढायचो, आई ओठांपुरती हसायची. पण आवाजाचं असं असतं, की वापरला नाही तर जातो. कधी एकटा असताना बाथरूममध्ये पाणी सोडून करून बघायचो. दरवेळी मावशी थोडी कमी यायची. ती माझ्या गळ्यातून गेली असती तर आणखी कुठेच उरली नसती, आणि हे ज्या एका बाईला सांगायचं तिलाच तो आवाज नको होता.

ताई इथे हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या बाळंतपणाला आई आली, ती अल मुंतझा भागातल्या ताईच्या फ्लॅटमध्ये राहिली. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, घरी जेवण ठेवलं. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक स्कॉटिश म्हातारा बसतो. मी त्याच्या तोंडावर त्याची नक्कल करतो म्हणून त्याचा माझ्यावर फार जीव. त्यालाही बोलावलं. तो म्हणाला, "आमच्याकडे बाप्तिस्म्याला किल्ट घालतात. चालेल?" म्हटलं, पळेल! यल्ला, चल, ये.

येताना तो पँटमध्येच आला, त्यांचा तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा किल्ट सूटच्या पिशवीत. दोह्यात रस्त्याने गुडघे दाखवत कशाला फिरा! ताईच्या बाथरूममध्ये कपडे बदलून बाहेर आला. लाल कापड, हिरव्या-काळ्या रेघांच्या चौकड्या, खाली लोकरीचे मोजे. आईने मला कोपऱ्यात ओढलं.

"अरे, सायबाचा कासोटा सुटलाय."

"काय?"

"मागे बघ, सगळ्या निऱ्या लोंबतायत. पटकन आत ने त्याला."

"आई, ते तसंच असतं."

"असं कसं असेल? आणि पिन बघ, नुसती वरच्या कापडाला लावलीय, खालच्याला लागलीच नाही. पोरींसमोर सुटलं म्हणजे?"

मी काही बोलायच्या आत आईने बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि सायबापुढे गुडघ्यावर बसली. साहेब दोन्ही हात वर करून उभा, पोलिसांनी पकडल्यासारखा. मी दोघांमध्ये घुसून आधी ह्याला इंग्लिशमध्ये सांगितलं, मग हिला मराठीत. साहेब एवढा हसला की बाळ उठलं. मग त्याने समजावलं, मी सांगत गेलो. निऱ्या मागेच असतात, पुढचं कापड सपाट. पिन फक्त वरच्या थराला, वजन म्हणून. दोन्ही थर टोचले तर चालताना ओढ बसते आणि कापड फाटतं.

आईने एक निरी बोटांनी उघडून पाहिली, परत मिटली. "चौकडी कुठे मोडली नाही हं," ती म्हणाली. "आपल्या लुगड्यासारखंच आहे रे. विचार त्याला, स्वतः पसंत केलं का?"

नाही म्हणाला. ज्या त्या घराण्याच्या चौकड्या ठरलेल्या. वडिलांकडच्या वेगळ्या, ह्या आईकडच्या. हा किल्ट त्याच्या मामाचा, मामा गेल्यावर त्याच्याकडे आला.

आई उठून उभी राहिली. "माणूस गेलं तरी त्याचं घालतो? त्याच्या आईला त्रास नाही झाला?"

हे मी जरा दबकतच विचारलं. साहेब म्हणाला, "झाला ना. पहिल्यांदा मला ह्यात बघून ती खोलीतून निघून गेली. नंतर मात्र स्वतःच म्हणायला लागली, दारापासून खिडकीपर्यंत एकदा चालून दाखव." आणि तो आम्हाला मामासारखा चालून दाखवायला लागला. एक खांदा पाडून, हात पाठीमागे, एक पाय किंचित ओढत. आम्ही कोणी त्या मामाला पाहिलं नव्हतं, पण तो आला होता.

आई आत गेली. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जणू सायबाला बोलावलं हाच माझा गुन्हा.

"इकडे ये रे," आतून हाक आली.

पलंगावर आईची बॅग उघडी. त्यात मावशीचं लुगडं. बाळाला गोधडी शिवायला म्हणून आणलं होतं तिने, मला पत्ताच नाही.

"कापायला घेतलं की हात थांबतो माझा," ती म्हणाली. "सरळ उभा राहा."

जीन्सवरूनच नेसवायला लागली.

"सुतळी आणू?"

"गप. पोट आत घे. खाऊन खाऊन काय झालंय." कासोटा खोचला, मागे सरकून पाहिलं. "बोल."

"काय बोलू?"

"माहीत आहे तुला."

भीती हीच, की तोंड उघडावं आणि आतून फादर निघावेत. हात कमरेवर ठेवला, मावशी ठेवायची तसा, आणि नाकातून म्हणालो, "काय गो, एवढी माणसं जेवायला बोलावलीस आणि कालवणात मीठ विसरलीस?"

आई बघतच राहिली. डोळे भरले तिचे, पण पुसले नाहीत. मग तिचाही हात कमरेवर गेला.

"मीठ बरोबर आहे. तुझी जीभच मेलीय. थोरली म्हणून ऐकून घेते."

"ऐकून घेते? तू?"

"नाही तर काय! जन्मभर तेच!"

भांडत भांडतच आम्ही हॉलमध्ये आलो. मला बघून साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला, बाईमाणूस आल्यावर उठतात तसा. मी ऐटीत वळले, म्हणजे वळलो, आणि कासोटा ढिला पडला.

"थांब गो," आई म्हणाली. सायबाला लावायची राहिलेली ती सेफ्टी पिन तिने परत बांगडीत अडकवली होती. तिने ती माझ्या कमरेशी लावली, दोन्ही थरांतून.