बोरी अरबचा तिसरा वेचा

प्रदर्शनासाठी कलाकृती छायाचित्रावरून निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे बोरी अरबच्या कुंदाताईंनी टाकाऊ वस्तूंतून केलेल्या चित्राचा फोटो आला, तेव्हा मी होकारही कळवला नाही आणि नकारही. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी नागपूरहून यवतमाळची एसटी पकडली.

प्रवास चार तासांचा. सकाळच्या गाडीत उजवीकडची खिडकी घ्यावी, ऊन लागत नाही. यवतमाळच्या स्थानकाबाहेर तर्रीपोहे खाल्ले. तर्री उत्तम, पोहे नको तितके भिजलेले. तिथून दारव्ह्याच्या गाडीने तासाभरात बोरी. दुतर्फा कापसाची वाळलेली पऱ्हाटी उभी होती. त्या वर्षी अळी आणि भाव या दोघांनी मिळून हंगाम लवकर आटोपला होता.

कुंदाताई घरच्या शेतात कापूस वेचतात आणि दुपारच्या फुरसतीत चित्रे करतात. ओसरीत टेकवलेले ते चित्र चार फुटी होते. फाटक्या पोत्यावर बांगड्यांचे तुकडे, बियाण्यांच्या पाकिटांची चकाकी, फवारणीच्या पंपाचे गंजलेले तोंड आणि खाली बाभळीच्या डिंकाने चिकटवलेल्या कापसाचे तीन पट्टे. दोन पट्टे पांढरे; तिसरा कवडीचा, म्हणजे अळी लागलेल्या बोंडांतल्या पिवळट, गाठाळ कापसाचा. तो तिरपाही गेला होता. कल्पना अस्सल, हात अशिक्षित, असा निर्णय मी पाच मिनिटांत दिला.

त्यांच्या सासूबाईंचे मत माझ्याहून कडक होते. “हे म्हणते कला. भंगारवाला आला त मी कांद्यावर देऊन टाकीन.”

कुंदाताई हसल्या. चित्राखाली त्यांचे नाव लागेल ना, एवढेच त्यांनी दोनदा विचारले. मी म्हटले, लागेल, पण तिसरा पट्टा स्वच्छ करावा लागेल. त्या झुणका-भाकर आणि ठेचा वाढून सरपणाला पऱ्हाटी आणायला शेतात गेल्या. त्यांचे मौन हा होकार समजून मी कामाला लागले. कवडी उपटून काढली, कोपऱ्यातल्या गाठोड्यातला शुभ्र कापूस घेतला आणि पट्टी लावून सरळ रेषेत चिकटवला. काम निर्दोष झाले होते.

परतल्यावर कुंदाताईंनी मोळी उतरवली आणि चित्राकडे पाहिले.

“पांढरा त दुसऱ्या वेच्यातच सरला होता, मॅडम. तिसऱ्या वेच्यात नुसती कवडी निघाली. मंग खोटा काहून लावू?”

तीन पट्टे म्हणजे त्या वर्षीचे तीन वेचे, वेचणीच्या तीन फेऱ्या, हे मला तेव्हा कळले. वेचणाऱ्या बाईला ते सांगावे लागत नाही. मी रचना पाहत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, आता हे तुमचे झाले, नेत असाल तर तुमच्या नावाने न्या. मी उपटलेली कवडी शोधू लागले. सासूबाईंनी ती कचरा समजून चुलीत घातली होती.

यवतमाळला लॉजवर मुक्काम केला. खोली नीटनेटकी होती, तरी झोप लागली नाही. सकाळी पहिल्या गाडीने पुन्हा बोरीला गेले. कुंदाताईंनी मला शेतात नेले. उभ्या पऱ्हाटीवर काही किडकी बोंडे राहिली होती. आम्ही दोघींनी ती वेचली. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात, हे कापसाच्या चित्रावर पाच मिनिटांत निर्णय देणाऱ्या मला ठाऊक नव्हते.

घरी येऊन मी माझा पांढरा पट्टा स्वतः काढला. कवडी त्यांनी लावली, पूर्वीसारखीच तिरपी. माझ्या सरळ ओळीतल्या डिंकाचे तपकिरी डाग मात्र पोत्यावर राहिले. मी ते ओल्या फडक्याने पुसायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. “राहू द्या. तुम्ही येऊन गेल्या, हेही याच सालात झालं.”

बोरीला जाणाऱ्यांनी फळे न्यावीत. जेवणाचे पैसे तिथे कोणी घेत नाही. आणि दोन दिवस हाताशी ठेवावेत.

नागपुरात ते चित्र कुंदाताईंच्या नावाने लागले. उद्घाटनाला आलेल्या एका जाणकार गृहस्थांनी तिसऱ्या पट्ट्याखालच्या डागांवर बोट ठेवले आणि ग्रामीण कलाकारांना सफाई शिकवायला हवी, असे मला सुनावले. ते डाग माझे आहेत, असे मी त्यांना सांगितले.