चोवीस मासे आणि एक किटली

टाकीत मी स्वतःच्या हातानं चोवीस मासे सोडले होते. बारा गप्पी, सहा मोली, सहा टेट्रा. लेकीचे दोन गोल्डफिश वेगळे. आठवड्यानं मोजले तर एकोणीस भरले. परत मोजले तर वीस. तिसऱ्यांदा मोजायला घेतले तर एक मोली मुद्दाम इकडून तिकडे पळाली आणि मला पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली. मेलेला मासा म्हणाल तर एकही नाही. ना पाण्यावर, ना तळाशी, ना फरशीवर. मासे जातात कुठे, ह्या एका प्रश्नानं त्या पावसाळ्यात माझं डोकं पार आउट झालं होतं.

पण आधी सासऱ्यांचं सांगायला हवं, नाहीतर हे मासेपुराण पुढं सरकायचं नाही.

सासरे पेणच्या खारेपाटातले. खाडीला बांध घालून केलेली भातशेती आणि घरामागं पावसाच्या पाण्याचं तळं. सासूबाई गेल्यावर तिथं ते एकटेच राहत होते. वैशाखात अंगणात पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तसेच उन्हात पडून राहिले. शेजारीण विळी मागायला आली म्हणून कळलं. नवऱ्यानं त्यांना गाडीत घालून रोह्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. हाड वाचलं, पण डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पडले तर कठीण आहे. तेव्हाच मी ठरवून टाकलं की काही झालं तरी ह्या माणसाला त्या घरात एकटं जाऊ द्यायचं नाही. आणि त्यांनीही ठरवून टाकलं होतं की जायचंच. दर सोमवारी चहाचा कप खाली ठेवला की एकच वाक्य, “मला घरी नेऊन सोड.” बाकी आठवडाभर गॅलरीतल्या खुर्चीत तोंड मिटून बसायचे. टीव्ही नको, पेपर नको, देवळातला कट्टा नको. जेवणसुद्धा असं, की पाहुण्याच्या घरी आल्यासारखं दोन घास कमीच.

दर रविवारी रात्री मी उद्याची नवी सबब शोधून ठेवायची. किती वेळा अडवणार? माणूस काय दावणीला बांधून ठेवता येतो?

त्यात लेक नर्सिंगला पनवेलला हॉस्टेलवर गेली आणि तिचे दोन गोल्डफिश माझ्या गळ्यात मारून गेली. काचेचं एक भांडं, त्यात हे दोन धटिंगण एकमेकांना घासत फिरायचे. फोनवर रोज तेच, “आई, त्यांना मोठी टाकी घे ना, जीव गुदमरतोय त्यांचा.” माझा गुदमरतोय का हे विचारायची काही पद्धत नाही आमच्याकडे. शेवटी घेतली तीन फुटांची टाकी.

आता मी हमरापूरची. माहेरी गणपतीचा कारखाना, लहानपणापासून हातात ब्रश. रंगातलं विचारा, बोटांवर सांगेन. माशातलं मला कालवण सोडून काही कळत नाही. त्यामुळं दुकानदारानं सांगितलं ते सगळं मी पाठ्यपुस्तकासारखं केलं. खडी सात वेळा धुतली. पाणी भरलं, फिल्टर लावला, हवेचा पंप लावला आणि एकही मासा न सोडता पंधरा दिवस ते यंत्र नुसतं बुडबुडत ठेवलं, कारण पाणी म्हणे आधी तयार व्हावं लागतं. सासरे गॅलरीतून आत बघायचे. आठव्या दिवशी खुर्चीतून उठले, टाकीपाशी आले आणि विचारलं, “रिकाम्या पान्याला हवा कशाला देतेस गो?” दोन महिन्यांत सोमवार सोडून त्यांनी आपणहून तोंड उघडलं ते हे पहिल्यांदा. मी इतकी गोंधळले की काय उत्तर दिलं ते आठवतही नाही. मग त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, “गोडं हाय.” आणि गेले परत गॅलरीत. टाकीतलं पाणी चाखणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

गोल्डफिश हलवले त्या दिवशी ते शेजारीच उभे होते. भांड्यातलं अर्धं जुनं पाणी टाकीत ओतलं, दोघांना पिशवीत घेऊन पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. ते सगळं बघत होते आणि मान हलवत होते. नापास करत होते की पास, कळायला मार्ग नव्हता. चार दिवसांनी मी ते चोवीस मासे आणले. ते पाहिल्यावर मात्र माणूस एकदम खुलला.

“बारीक मासली किती टाकलीस?”

“चोवीस.”

“थोडी हायेत. पन सुरुवातीला चालंल.”

चालेल? कशाला चालेल? मी विचारेपर्यंत ते आंघोळीला निघून गेलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन आले तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. खोलीत नाहीत, बाथरूममध्ये नाहीत, खाली वॉचमनकडे नाहीत. काठी नाही, टोपी नाही. नवरा पहिल्या शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. मी स्टेशनवर धावले. पेणकडे जाणारी गाडी केव्हाच सुटली होती. मी बाकड्यावर बसून चक्क रडले. शेवटी गेलाच म्हातारा! न सांगता गेला! आता पडला तर विळी मागायला रोज कोण येणार आहे? गावच्या शेजारणीला फोन लावला तर म्हणाली, व्हय, आत्ताच दिसले, उघाडीकडं गेलेत. उघाडी म्हणजे बांधातलं ते दार, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं. पावसाळ्यात, निसरड्या बांधावर, काठी टेकत! मी तिथूनच देवाला नवस बोलायला सुरुवात केली.

आणि दुपारी दोन वाजता बेल वाजली. दारात सासरे. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, हातात दुधाची ॲल्युमिनियमची किटली. “भूक लागली गो,” म्हणाले.

मला ओरडावं की पाया पडावं ते कळेना. मग ओरडलेच. ते निमूट ऐकत होते. पण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की ज्या घरी जायचा दर सोमवारी हट्ट, तिथं पोचलेला माणूस आपल्या पायानं परत कसा आला? आणि जेवून उठल्यावर तासभर ते टाकीपाशी बसून करत काय होते? कपानं टाकीतलं पाणी घ्यायचं, किटलीत ओतायचं, थांबायचं. पुन्हा कप, पुन्हा थांबायचं. मला वाटलं, किटली विसळतायत. म्हातारपण म्हणून मी दुर्लक्ष केलं आणि कणीक मळायला गेले.

त्यानंतर खुर्ची गॅलरीतून टाकीसमोर आली. सोमवार आला आणि गेला. “घरी नेऊन सोड” नाही. पुढचाही सोमवार तसाच. जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला. मी कोणाला काही बोलले नाही. न जाणो, बोललं आणि दृष्ट लागली तर?

पण इकडे मासे कमी होत चालले. चोवीसचे वीस, वीसचे चौदा. दुकानदार म्हणाला, उडी मारत असतील. मी टाकीवर जाळी बसवली आणि सोफ्याखालून झाडू फिरवला. एक जुनं खोडरबर निघालं. शेजारची म्हणाली, गोल्डफिशच खात असतील, त्यांची पोटं बघा. मी दोन दिवस त्या गोल्डफिशना गुन्हेगारासारखं न्याहाळलं. फिल्टर उघडून बघितला. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, “जातात कुटं? हायेत की सगळी.” नवऱ्याला विचारलं तर हं.

एकच मासा वाढत होता. फिल्टरच्या मागं सावलीत उभा असायचा. मातकट अंग, आणि नाकापासून पाठीपर्यंत एक पांढरी रेघ, अशी सफाईची की एका दमात ब्रश ओढलेला. मला ती रेघ फार आवडली होती. दुकानदारानं काच साफ करणारा एक मासा फुकट कबूल केला होता आणि नवऱ्याला मी तो आणायला सांगितलं होतं. हाच तो, असं मी धरून चालले. काच मात्र हिरवीच्या हिरवी. रोज मी त्याला बोलायचे, “आयतं खातोस आणि काम नको होय रे, कामचुकार!”

मग एका दुपारी मी टाकीसमोर लसूण सोलत बसले होते. लांब शेपटीची एक गप्पी डुलत डुलत फिल्टरपाशी गेली. कामचुकार हललासुद्धा नाही. नुसतं तोंड उघडलं, आणि गप्पी नाही! शेपटी तेवढी ओठांतून बाहेर लोंबत होती, तीही आत गेली.

मी लसूण टाकून दुकानदाराला फोन लावला. “तुमचा तो काच साफ करणारा माझे सगळे मासे खातोय!” तो म्हणाला, “ताई, तो मी अजून दिलाच नाही. तुमचे मिस्टर आलेच नाहीत न्यायला.”

मागून सासरे शांतपणे म्हणाले, “जिताडा हाय तो.”

जिताडा! आमच्या खाडीतला तो नावाजलेला मासा. आयुष्यभर खाल्लाय मी, पण तुकडी होऊन ताटात आलेला. त्याचं पिलू असं दिसतं हे मला कोण सांगणार? किटली, कप, उघाडी, सगळं एकदम डोक्यात आलं आणि माझा तोल सुटला.

“अहो, पण माझे मासे! पोरीसाठी टाकी घेतली मी, शोभेचे मासे आहेत ते!”

“शोभेचे?” त्यांना खरंच कळत नव्हतं. “तू आधी बारीक मासली सोडलीस. मला वाटलं, जिताड्याच्या खान्याचीच सोय करतेस. तळ्यात असंच सोडतात गो.”

“हे तळं नाही, बाबा! हा हॉल आहे! जिताडा ठेवायचाय ना, तर न्या आणि सोडा तुमच्या तळ्यात!”

ते “बरं” म्हणाले आणि खोलीत गेले. मला हवं तेच उत्तर मिळालं होतं, तरी बरं वाटेना.

सव्वातीनला नवरा शिफ्टवरून आला. मी दारातच सगळं ऐकवलं. तो बूटही न काढता खाली बसला.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” म्हणाला.

“काय? आणि तुम्ही नुसतं हं करत बसलात?”

“काय बोलणार गो? जिताडा ताटात यायला निदान दोन पावसाळे लागतात. ज्याला दोन पावसाळे तिथंच राहायचंय तोच पिलू सोडतो. आईचं दुखणं निघालं त्या साली बाबांनी सोडलं नाय. ती गेल्यावरबी नाय. मी आणून देतो म्हटलं तर म्हणाले, कोण बघणार, कोण खाणार. तीन साल तळं नुसतं पडून हाय. आणि इथं त्यांनी आपणहून आणून सोडलं. मी म्हटलं, आपण काय बोलायला जावं आणि ते मोडायचं.”

मी तशीच चपला घालून बाहेर पडले. काय बोलून बसले होते मी! तीन महिने जे होऊ नये म्हणून धडपडले, ते माझ्याच तोंडानं. न्या तुमच्या तळ्यात! दुकानात पोचले आणि म्हटलं, गप्पी द्या, असतील नसतील तेवढ्या. दुकानदार म्हणाला, “एवढ्या? ठेवणार कुठं?” मी म्हटलं, “ठेवायच्या नाहीत. खायला हव्यात.” त्याची समजूत घालायला मला वेळ नव्हता.

घरी आले तर सासरे दाराशी खुर्चीत बसलेले. धुतलेला सदरा, टोपी, पायाशी कपड्यांची पिशवी. मांडीवर किटली, झाकण घट्ट. नवरा भिंतीला टेकून उभा, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं.

माफ करा म्हणावंसं वाटलं, पण आमच्या घरात तो शब्द कोणी कोणाला कधी म्हटलेलाच नाही. मी गप्पींची पिशवी ओट्यावर ठेवली, त्यांच्या मांडीवरची किटली उचलली आणि टाकीपाशी जाऊन बसले. आधी दोन्ही गोल्डफिश काढून परत जुन्या भांड्यात टाकले. लेकीला काय सांगायचं ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. मग कप घेतला, टाकीतलं पाणी किटलीत ओतलं आणि पुन्हा कप भरला.

“हळू गो,” मागून आवाज आला. खुर्ची सरकल्याचाही. “घाई करू नको. पानी बदललं की जड जातं त्याला.”

मी थांबले. ते शेजारी येऊन उभे राहिले. किटलीतला तो पांढऱ्या रेघेचा कामचुकार वर बघत होता. दोन वर्षांनी ह्याला खायचं की पोसायचं, हा तीन फुटांत मावणार कसा, मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. तोंडात आलं ते बोलून गेले.

“आणि वाढल्यावर ह्याला साफ कोण करणार? मला नाय येत जिताडा कापायला.”

“मी हाय ना,” सासरे म्हणाले आणि माझ्या हातातला कप त्यांनी काढून घेतला.