तिकोन्या इंजिनाची लाल गाडी

गॅरेजातले किस्से ग्रीससारखे असतात. कितीही पुसा, नखात उरतातच. माझ्या नखात सगळ्यात जास्त उरली ती एक लाल गाडी.

मिल बंद पडली तेव्हा माझे दीर भाऊराव तिथे फिटर होते आणि मी सूत गुंडाळायच्या खात्यात. आम्ही दोघांनी शहरातल्या मल्हारगंज मोहल्ल्यात गॅरेज टाकलं. मी चौथी पास. इंजिन माझं मी शिकले, इंग्रजीही माझं मीच शिकले, स्पेअर पार्टच्या डब्यांवरून. पटत नसेल तर आणा डबा, वाचून दाखवते!

*

बाहेरचा माल नुकताच देशात यायला लागला होता. पलासियाच्या बड्या वस्तीतल्या एका सेठजींनी दुबईहून दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. रोटरी इंजिनवाली. महिन्याभरात ती टो होऊन आमच्या दारात.

भाऊरावांनी बॉनेट उघडलं. आत दुधाच्या कॅनएवढं इंजिन. ते वाकून गाडीखालीही बघून आले.

"सेठजी, बाकी का इंजन घर पे रह गया क्या?"

*

गाडीबरोबर जाडजूड मॅन्युअल होतं. मी डिक्शनरी घेऊन बसले. पिस्टन नाहीच! एक फुगीर तिकोन डब्यात गरगर फिरतो. भाऊरावांना पटेना. मी बटाटा तिकोना कापला आणि डब्याच्या झाकणात फिरवून दाखवला.

"ही बाजू पेट्रोल ओढते, ही जाळते, ही धूर फेकते. एकाच वेळी."

भाऊराव बटाट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, मिलमध्ये एका कामाला आम्ही तीन माणसं होतो."

मी मॅन्युअलचं पान उलटलं.

*

सेठजींचा ड्रायव्हर कैलास. त्याची तक्रार एकच, "काकू, ये ऑइल पीती है. घर में बेवडा पाल लिया सेठजी ने!"

सगळ्या बाजारात हीच बदनामी. कुणी म्हणे सील गेली, कुणी म्हणे इंजिनच भंगार. मी मॅन्युअलवर बोट ठेवलं. तिकोनाच्या कडा घासू नयेत म्हणून हे इंजिन स्वतःच थोडं ऑइल आत घेतं आणि जाळतं. बनवलंच तसं आहे.

"पिऊ दे! तू फक्त भरत जा."

*

कैलास पेट्रोल वाचवायला टॉप गियरमध्ये चाळीसने चालवायचा. असं इंजिन पळवलं नाही तर आत काजळी धरतं. मी शेजारी बसले आणि गाडी देवास रोडला काढायला लावली.

"दाब."

"काकू, फट जाएगी!"

"दाब म्हणते ना!"

इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सात हजारावर गेला, आणि आई शप्पथ सांगते, थरथर नाही! मिलमधली सूत कातणाऱ्या हजार चात्यांची एकसुरी घुमघुम पुन्हा कानात आली. तेवढ्यात डॅशबोर्डातून बझर वाजला. कैलासने दोन्ही हात सोडले. "टूट गई!"

"तुटली नाही रे मूर्खा, वेगाची हद्द झाली, आता बस म्हणतेय. स्टिअरिंग धर!"

*

तरी रोज सकाळी गाडी बंद. प्लग काढावेत तर पेट्रोलने ओलेचिंब. सेठजी वैतागले. "दसऱ्याला पूजेनंतर मी स्वतः चावी फिरवीन. लागली नाही तर हे इंजिन उपटून जीपचं डिझेल बसवा."

भाऊराव म्हणाले, "बसवू की. नेहमीचंच काम आहे."

मी म्हटलं, "अशा इंजिनाच्या जागी डिझेल बसवायला हा हात धजेल तुमचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच सेठजींच्या बंगल्यावर जाऊन उभी राहिले. कैलासने गाडी शेडमधून दहा पावलं बाहेर काढली आणि लगेच बंद केली. सेठजींच्या आई, बाईजी, काठी टेकत आल्या, टिळा लावला. रोजचा रिवाज! बंद गाडीलाच टिळा. आणि मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात होतं, इंजिन गरम होण्याआधी बंद करू नका. थंड इंजिनात रोजच्या रोज पेट्रोल साचत होतं, म्हणून टिळ्यानंतर गाडी पुन्हा लागत नव्हती.

मी सांगितलं, टिळा चालू गाडीलाच लावा. बाईजी म्हणाल्या, "साठ साल से बंद गाड़ी को टीका लगा रही हूँ. तेरी किताब कितने साल की है?"

*

दसरा. प्लग सुकवून गाडी चालू केली, दहा पावलं काढली. कैलासचा हात चावीकडे गेला. मी त्याचं मनगट धरलं.

पंडितजी थाळी घेऊन थबकले. "बाईजी, गाड़ी तो चालू है."

सेठजींचा चेहरा लाल. भाऊराव माझ्यामागे लपलेले.

बाईजींना ऐकू कमीच यायचं. त्या माझ्याकडे बघत पुढे आल्या. काठी कैलासकडे दिली आणि बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ. मला माझ्या छातीतली धडधड ऐकू येत होती, इंजिनाची नव्हे.

"हिलती तो नहीं," बाईजी म्हणाल्या. "बंद है. शुरू करो, पंडितजी."

"पर बाईजी..."

"मैंने कहा, बंद है!"

पूर्ण आरती झाली. बाईजींनी तळवा उचलला नाही. बॉनेट तापत गेलं, त्यांचा हात तिथेच. प्रसाद वाटून झाल्यावर त्यांनी तळवा पदराला पुसला आणि कैलासला म्हणाल्या, "अब चाबी निकाल."

सेठजी आत बसले. चावी फिरवली. एका झटक्यात लागली!

भाऊरावांनी डोक्यावरची टोपी काढली. बाईजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंडितजींना म्हणाल्या,

"देखा? बंद थी, तभी तो चालू हुई."