काळ्या पट्टीच्या अलीकडे

पाण्यात चालून पाय बरे होतात, यावर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, असं कुणी विचारलं तर मी फीत दाखवतो. शिंप्याची साधी फीत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि रात्री झोपताना मी डाव्या पोटरीचा घेर मोजतो. दोन्हींत जो फरक पडतो ती माझी सूज. शेजारी काय म्हणतात, मेहुणे काय म्हणतात, सौ. कुठल्या देवाला काय बोलली आहे, या सगळ्यापेक्षा त्या फितीवर माझा भरवसा जास्त.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासतो. सगळी नोकरी सिमेंटच्या फरशीवर उभ्यानं गेली. पायातलं रक्त वर चढायला हवं, ते खाली साचत गेलं. शिरा फुगल्या, घोट्याजवळची कातडी काळी पडली, पातळ झाली आणि एक दिवस चादरीला नुसती घासली तरी फुटली. जखम भरायची, पुन्हा फुटायची. घरी सौ. रोज मिठाच्या कढत पाण्यात पाय शेकवायची आणि मी निमूट शेकवून घ्यायचो. पुढं कळलं की या दुखण्याला ऊब म्हणजे शत्रू. इतकी सेवा, तीही उलटी! शेवटच्या खेपेस जखम भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता फुटली तर मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागेल, आणि ती धरेलच अशी हमी नाही. माझ्या वडिलांचा पाय असाच होता. शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी गॅलरीतल्या खुर्चीत काढली. गारखेड्याच्या आमच्या घरात ती खुर्ची अजून आहे. मी तिच्यावर बसत नसे.

डॉक्टरांनीच मला वेरूळच्या रस्त्याला असलेल्या एका जलोपचार केंद्रात पाठवलं. आधी पायावर थंड पाण्याची धार, घोट्याकडून गुडघ्याकडे. मग गुडघाभर पाण्याच्या गोल हौदात सलग चालणं, म्हणजे पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. मग पाय उंच करून पडून राहणं. आणि शेवटी ते घट्ट लवचीक मोजे, जे चढवताना चांगल्या माणसाची श्रद्धा डळमळते. एवढं सगळं मी मान्य केलं होतं. मला वैताग आणला तो हौदानं.

केंद्र एका धर्मादाय संस्थेचं. हौद बांधताना कुणा विश्वस्ताच्या मनात आलं आणि त्यांनी हौदाच्या मधोमध चौथऱ्यावर महादेवाची पिंड बसवली. पिंडीवर पाण्याची संततधार. तिथून निघालेलं पाणी एका पन्हळीतून चालण्याच्या वाटेला आडवं जाऊन बाहेर पडतं. पाण्याखाली ती पन्हळ काळ्या दगडाच्या पट्टीसारखी दिसते. आता शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते, तीर्थ वाहून जातं ती वाट ओलांडायची नसते, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागतं? सगळे रुग्ण काळ्या पट्टीपर्यंत यायचे, हात जोडायचे आणि माघारी वळायचे. मागून येणारे त्यांच्यावर आदळायचे. सलग चालणं राहिलं बाजूला, हौदात जत्रा भरायची.

मी काही नास्तिक नाही. पाय बिघडेपर्यंत माझा घृष्णेश्वराचा सोमवार चुकला नव्हता. पण देव देवाच्या जागी आणि औषध औषधाच्या जागी, हे माझं मत. त्या पिंडीची रीतसर प्रतिष्ठाही झालेली नव्हती, हे मी कार्यालयात विचारून घेतलं होतं. मी उपचार करणाऱ्या मॅडमकडं तक्रार केली. त्या बिचाऱ्या माझ्यापेक्षा वैतागलेल्या. म्हणाल्या, "काका, मी बोर्ड लावला होता, 'थांबू नये, पूर्ण गोल चालावे'. दुसऱ्या दिवशी त्या बोर्डाला हळदकुंकू वाहिलेलं. आता मी कुणाला काय सांगू?"

मग मी माझ्यापुरता निर्णय घेतला. सगळे वळत असताना मी एकटा ती पट्टी ओलांडून पुढं जायचो आणि पलीकडून येणाऱ्यांना म्हणायचो, "बाजू द्या, बाजू द्या." लोक हसायचे. कुणीतरी म्हणायचं, "सरका रे, एक्स्प्रेस आली. हिला थांबा नाय."

त्या हौदात गयाबाई म्हणून एक म्हातारी यायची. पैठणकडची, धनगराच्या घरातली. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तिच्या शिरा माझ्याहून वाईट होत्या, दोन्ही पायांना वेलीसारख्या चढलेल्या. काळ्या पट्टीपाशी सगळ्यात जास्त वेळ तीच उभी राहायची, आणि नेमकी माझ्या वाटेत. मी घसा खाकरायचो. ती शांतपणे म्हणायची, "कामून वलांडता दादा? त्यो काय पळून चालला का?"

मी म्हणायचो, "मावशी, हा दवाखाना आहे, देऊळ नाही."

"मंग तुमी दवाखान्यात फिरा. मी देवळात फिरते."

मॅडमनी तिला माझ्यासमोरच समजावलं होतं, की पूर्ण फेरी घेतली तर पायाला लवकर आराम पडेल, नाहीतर उपचार लांबेल. ती म्हणाली, "लांबू द्या. पाय गेला तरी चालंल बाई, ते पानी मी वलांडणार नाय." मी मनात कपाळावर हात मारून घेतला. अशा माणसांचं काय करायचं?

उन्हाळा लागला होता. उन्हात शिरा आणखी तटतटतात, फितीवरचा फरक वाढत होता आणि मी चिडून अधिक जोरात चालत होतो. त्या दिवशी गयाबाई पट्टीच्या अलीकडं हात जोडून उभी होती. मी तिला वळसा घालून पट्टी ओलांडली. पट्टीलगत माझ्याशिवाय कुणाचा पाय घासला जात नसे, तिथं शेवाळ धरलं होतं. जन्मभर लोकांच्या मालातले दोष शोधणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. उजवा पाय सटकला. डावा पाय चौथऱ्याच्या धारेवर आदळणार हे मला स्वच्छ दिसलं, आणि त्या एका क्षणात देव आठवला नाही, वडिलांची खुर्ची आठवली.

पाय आदळला नाही. मागून माझी कॉलर कुणीतरी अशी धरली की सदऱ्याची वरची बटणं तुटली. दुसऱ्या हाताचा विळखा काखेत. मी लोंबकळलो तसाच, आणि मग पाय टेकला. वळून पाहिलं तर गयाबाई. तिचे दोन्ही पाय काळ्या पट्टीच्या पलीकडं होते.

हौदातले सगळे थांबले. तिनं खाली पाहिलं. पाणी नितळ होतं, सगळं दिसत होतं.

"वलांडलं मी," ती म्हणाली.

या पिंडीची प्रतिष्ठाच झालेली नाही, यात काही पाप नाही, हे सगळे मुद्दे माझ्या तोंडाशी होते. इतके दिवस मी तेच ऐकवत होतो. पण तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मी बाजूला सरकून तिला वाट दिली. तिनं पिंडीकडं हात जोडले आणि भांडल्यासारखी मोठ्यानं म्हणाली, "म्हादेवा, मानूस पडत व्हता. तुज्याकडं बघत बसले असते तर पडला असता. माझं काय करायचं ते कर, पर ह्याच्या पायाला लागू दिऊ नको." मग माझ्याकडं वळली. "आन तुमी! डोळे हायत का बटनं?"

मॅडमनी माझा घोटा उलटसुलट तपासला. कातडी शाबूत होती. धार लागली असती तर नक्की फुटली असती, एवढंच त्या म्हणाल्या. मी पाय उंच करून पडलो आणि मला रडू आलं. स्वतःच्या पायासाठी जी बाई तो दगड ओलांडायला तयार नव्हती, तिनं तो माझ्या पायासाठी ओलांडला. रोज तिच्यामागं घसा खाकरणाऱ्या माणसासाठी. आणि पाप लागलं तर तिला, पाय वाचला तर माझा, हा हिशेब तिनं मला न विचारता मिटवून टाकला.

निघताना ती म्हणाली, "तुमच्यापायी झालंय. सोमवारी वेरूळला जाऊन माझ्या नावानं बेल वाहा, आन त्याला समजावून सांगा." मी गेलो. रांगेत मधून मधून बसलो, कारण उभं राहणं मला वर्ज्य. गाभाऱ्यात उघड्या अंगानं वाकून बेल वाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा मी देवाला कुणा दुसऱ्याची बाजू समजावून सांगितली. स्वतःसाठी मागायचं राहून गेलं, ते बाहेर आल्यावर लक्षात आलं.

शेवाळ त्याच आठवड्यात घासून काढलं. तरी मी काळ्या पट्टीपाशी थांबतो, हात जोडतो आणि वळतो. मागचे आदळतात, मी वैतागतो. फितीनं अजून तक्रार केलेली नाही. गयाबाईचा उपचार संपला, ती गावी गेली. तिच्या पायांना पुरता आराम पडला की नाही, मला माहीत नाही. ते मी दर सोमवारी विचारतो.

महादेवानं मला वाचवलं असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा माझ्याकडं नाही. मला धरणारा हात माझ्या मोजमापात नव्हता, एवढं खरं. जो हिशेब लागत नाही, तो महादेवाच्या पायाशी तसाच ठेवून द्यावा, इतकं मला आता जमतं.

परवा बूट घालायला गॅलरीतल्या खुर्चीवर बसलो. घातले, उठलो आणि कामाला गेलो.